शाई भरण्याचा माझा छंद आणि अक्कांचा टॉवेल

प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये घरी शाई भरणे हे काही पाप नव्हे. परंतु ते करताना माणसाच्या अंगी जो अहंकार शिरतो, त्याचे डाग कोणत्याही साबणाने निघत नाहीत, हे मी आज, हातांचा रंग बऱ्यापैकी मूळपदावर आल्यानंतर, नम्रपणे लिहून ठेवतो.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करतो. आमच्या गल्लीच्या समितीचे चिटणीसपदही, इतर कुणी न घेतल्यामुळे, माझ्याकडे आहे. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, भिंतीवर थुंकू नये, कचऱ्याची गाडी आली की धावत यावे, अशा सूचना मी घरच्या प्रिंटरवर छापतो आणि विजेच्या खांबांना चिकटवतो. दोन वर्षांपूर्वी कार्ट्रिज आटले तेव्हा दुकानदार माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "काका, जुनं झालंय, फेकून द्या. ह्यात आता काय राहिलं नाही." तो कार्ट्रिजबद्दल बोलत होता. मला मात्र त्या महिन्यात पंचावन्नावे लागले होते, आणि ते वाक्य मी अंगाला लावून घेतले.

त्या ईर्ष्येने मी ही विद्या शिकलो. तीन सिरिंजा, तीन बाटल्या, एक टाचणी. सुई हळू घालावी. शाई एकदम सोडू नये, आतला स्पंज जेवढी पितो तेवढीच थेंबाथेंबाने पाजावी. भरून वाहू देऊ नये. खालचे बारीक छिद्रांचे तोंड कोमट पाण्यात भिजवलेल्या कागदावर टेकवून पाहावे. तिन्ही रंगांचे पट्टे उमटले तर समजावे की वाट मोकळी आहे. आणि आठवड्यातून एक तरी रंगीत पान छापावे, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसाची जीभ कोरडी पडते, तिथे त्या छिद्रांची काय कथा! हे सारे मी येणाऱ्याजाणाऱ्याला, त्याने न विचारता, समजावून सांगत असे. ज्यांच्या घरी प्रिंटर नव्हता त्यांनाही सांगत असे. काटकसर हे मी माझ्या छंदाला दिलेले नाव होते. मला हवे होते ते कौतुक.

आता भिंतीविषयी सांगितले पाहिजे. आमचे घर आणि शेजारचे घर यांच्यामध्ये छातीएवढी भिंत आहे. पलीकडे मामा आणि अक्का राहतात. नात्याचे नव्हेत, तेलुगू बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारे कुटुंब. मागच्या शेडमध्ये त्यांचे दोन यंत्रमाग आहेत आणि त्यांवर टर्किश टॉवेल निघतात. एखादा धागा चुकलेला, काठ तिरका गेलेला टॉवेल बाजारात चालत नाही. त्याला सेकंड म्हणतात. असा सेकंड अक्का भिंतीवर ठेवतात, आम्ही तो न विचारता उचलतो, आणि मग कधीतरी त्याच जागी माझ्या पत्नीने केलेले मेतकूट किंवा खरवस प्रकट होतो. पंधरा वर्षे हा व्यवहार एकाही शब्दाविना चालला आहे. आमच्या घरात पुसण्यासारखी जी जी वस्तू आहे ती सेकंडनेच पुसली जाते. भिंतीवर टॉवेल दिसला की तो आपला, हे माझ्या डोळ्यांना इतके सरावाचे झाले होते की मधल्या विचाराला त्यात जागाच उरली नव्हती.

दिवाळीपासून मामांच्या दोन मागांपैकी एक बंद होता. काम नव्हते. बंद माग म्हणजे शेडमध्ये पडलेले लोखंड. शेवटी मामांनी भंगारवाल्याला शनिवारी टेम्पो घेऊन यायला सांगितले. मधल्या काळात एकच आशा होती. बाजारातल्या एका शेठजींना हॉटेलांसाठी पांढऱ्या टॉवेलांचे मोठे काम द्यायचे होते आणि त्यांनी तीन-चार विणकरांकडून नमुने मागवले होते. बुधवारी चारपर्यंत नमुना पोचला पाहिजे. तो पसंत पडला तर दुसरा माग पुन्हा सुरू. नाही तर शनिवारी टेम्पो.

त्या नमुन्याला लावायचे लेबल छापून देण्याची विनंती मामांनी मला केली. लांबी, रुंदी, वजन, एवढेच. "साधं काळ्या अक्षरात द्या सर," ते म्हणाले. मी मनात ठरवले की लेबल रंगीत करायचे. ते कुणीही मागितले नव्हते.

बुधवारी मी रजा टाकली. सकाळी पाहतो तो रंगीत कार्ट्रिज तुंबलेले. निळा रंग उमटेना. मी सिरिंजा मांडून बसलो. सुईचे टोपण दातांत धरले होते, त्याच वेळी पत्नी बाहेर निघता निघता म्हणाली, "अहो, अक्कांनी टॉवेल धुऊन भिंतीवर टाकलाय. वाळला की आत घ्या, त्यालाच लेबल लावायचंय. ऐकलंत का?"

"हं," मी म्हणालो.

हा "हं" मी लग्नापासून वापरत आलो आहे. त्याचा अर्थ आपण ऐकले असा पत्नी घेत नाही. मीही घेत नाही. परंतु त्या दिवशी तिला बार्शीच्या गाडीने येणाऱ्या बहिणीला स्टँडवरून आणायला जायचे होते, म्हणून तिने तो चालवून घेतला.

मी तिन्ही रंग भरले. निळा तरीही उतरेना. तेव्हा मी असे काही केले जे कोणत्याही शहाण्या माणसाने करू नये: वरच्या भोकाला ओठ लावून फुंकले. निळ्याचे भोक समजून जे मी फुंकत होतो ते गुलाबीचे होते, आणि फुंकून झाल्यावर मी श्वास आत घेतला. आरशात पाहिले तेव्हा ओठ, दात आणि जिभेचा शेंडा गर्द गुलाबी झालेला. गल्लीत थुंकण्याविरुद्ध अकरा पाट्या लावणाऱ्या गृहस्थाचे तोंड पान खाल्ल्यासारखे दिसत होते.

इथे थांबलो असतो तर निभावले असते. परंतु सुकलेली शाई उन्हाने सैल होईल, असा शोध मला लागला. वरची तिन्ही भोके मी चिकटपट्टीने गच्च बंद केली, गळती नको म्हणून दोन-दोन थर दिले. खाली काही मऊ, पांढरे अंथरावे, म्हणजे थेंब पडला तर लगेच दिसेल, म्हणून भिंतीकडे पाहिले. तिथे टॉवेल होता. मी तो उचलला, चौपदरी घडी घातली, खिडकीत उन्हात ठेवला आणि त्यावर कार्ट्रिज, छिद्रांचे तोंड खाली करून, प्रेमाने बसवले. काठ फार सरळ आहे, सेकंड वाटत नाही, असे मनात आल्याचे मला स्पष्ट आठवते. अक्कांचे हल्ली लक्ष नसते, चांगला मालही सेकंडमध्ये टाकतात, असे म्हणून मी चहा करायला गेलो.

कार्ट्रिजलाही श्वास घ्यावा लागतो, ही गोष्ट मला दोन वर्षे ठाऊक होती आणि मी ती इतरांना सांगतही होतो. वरची वाट बंद केली आणि डबी तापली की आतली हवा फुगते. तिला जायला एकच दार उरते, आणि ती एकटी जात नाही. मी परत आलो तेव्हा भरलेली सारी शाई टॉवेलात उतरली होती, चारही पदरांतून, अगदी मनसोक्त. घडी उलगडली तर गुलाबी, निळ्या, पिवळ्या वर्तुळांची चार फुलपाखरे.

तेवढ्यात भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज आला. "सर, लेबल झालं का ओ? टॉवेल आत घेतलाव काय? वाळला का बघा की."

त्या क्षणी पत्नीचे सकाळचे वाक्य, शब्दन्‌शब्द, मला ऐकू आले. ते कानांत कुठेतरी थांबून राहिले होते आणि आता सवडीने आत आले.

मी म्हणालो, "अजून ओला आहे, अक्का."

यात खोटे काहीच नव्हते. टॉवेल ओलाच होता. परंतु माणूस खोटे बोलला तर निदान त्याला ठाऊक असते की आपण खोटे बोललो. खऱ्या वाक्यामागे लपलेल्या माणसाला तेवढाही प्रामाणिकपणा शिल्लक राहत नाही.

पुढचे दोन तास मी काय केले ते क्रमाने सांगतो, कारण पुढे ते मला भर बाजारात सांगावे लागले. प्रथम लिंबू पिळले. डाग हलका झाला नाही, पण पसरला. मग दूध ओतले. शाईच्या डागावर दूध चालते असे लहानपणी ऐकले होते, ते दौतीच्या शाईबद्दल होते. मग टूथपेस्ट. मग दही, कारण दूध संपले. नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते, तेव्हा पिंपातल्या दीड बादलीत सगळे खंगाळले. टॉवेलाची फुलपाखरे गेली आणि सगळीकडे सारखा असा जांभळट रंग आला, जो पाहून मला क्षणभर समाधानही वाटले, की निदान एकसारखा तरी झाला.

"सर, वाळला?" पुन्हा आवाज.

"अजून थोडा ओला आहे."

मग अक्का मोठ्याने, पण माझ्याशी नव्हे, मामांशी बोलल्या. "अय्यो, एप्रिलच्या उन्हात सकाळपास्नं ओला? हितं पापड पण पंधरा मिन्टात वाळतो. सर काय तर करायलेत बघा."

मामा दारातून न येता भिंतीवरून डोकावले. समोर मी अंगणात उभा: हात कोपरापर्यंत निळे, तोंड गुलाबी, आणि हातात त्यांचा नमुना पिळलेला. हात पुढे करून मामांनी टॉवेल घेतला, नाकाला लावला आणि विचारले, "दूध?"

"आणि दही," मी म्हणालो. एवढे बोलल्यावर बाकीचेही सगळे बोलून टाकले. इतका हळू बोललो की मामांना दोनदा "काय?" म्हणावे लागले, आणि कबुली तीनदा द्यावी लागली.

पत्नी बहिणीला घेऊन त्याच वेळी फाटकात आली. तिने टॉवेल पाहिला, मला पाहिले. "सकाळी काय म्हणाले होते मी?"

"त्यालाच लेबल लावायचंय, असं."

"म्हणजे ऐकलं होतंत!" ती म्हणाली. तिच्या बहिणीने हसू दाबण्यासाठी पिशवी तोंडावर धरली.

मामा चिडले असते तर मला सोपे गेले असते. ते फक्त म्हणाले, "चला सर. तुमी माझ्यासंगं चला. मी एकटा गेलो तर शेठ म्हणणार, मागाचं तेल लागलं असंल. असला रंग कुठल्या मागातनं निघत न्हाय, हे तुमचे हात बघितल्याबिगर त्याला पटायचं न्हाय." अशा रीतीने पुरावा म्हणून मी त्यांच्या स्कूटरच्या मागे बसलो. गल्लीच्या तोंडाशी पानवाला उभा होता. त्याने माझे तोंड पाहिले, मग माझ्याच हाताने खांबावर लावलेली पाटी पाहिली, आणि मला हात जोडले.

शेठजींच्या पेढीत लांब मेज, त्यावर वजनकाटा, आणि पलीकडे तीन पांढरेशुभ्र नमुने. वाटेतल्या उन्हात वाळलेला जांभळट टॉवेल पाहून शेठजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मामा, मी पांढरा सांगितला होता."

"शेठ, विणला पांढराच. हे सर सांगतील."

मी सांगितले. पेढीतले दोन कारकून लिहायचे थांबले. शेठजी म्हणाले, "जरा मोठ्यानं सांगा." मी पुन्हा सांगितले. त्यांनी तोवर टॉवेल उलटा करून काठ पाहिला, वरचे सुताचे फासे दाबून पाहिले, दोन टोकांना धरून खेचला. "वीण चांगली आहे," ते म्हणाले, "रंगाचं मला काही नाही, रंग दिसतो. मला वजन पाहिजे." त्यांनी तो काट्यावर टाकला. "अठरा ग्रॅम जास्त भरतंय. शाई किती, कापूस किती, मी कसं ओळखू?"

"शाई फार नसेल," मी म्हणालो. "टूथपेस्टही धरावी लागेल. आणि दही."

"लिंबू?"

"अर्धेच."

"दूध, दही, लिंबू," शेठजी बोटांवर मोजत म्हणाले. "मामा, हा टॉवेल आहे का पंचामृत? तूप, मध, साखर तेवढी राहिली." कारकून उघड हसले. मामाही हसले, आणि त्यांचे हसणे मला सर्वांत जड गेले. मग शेठजी म्हणाले, "शुक्रवारी सकाळी दुसरा आणा. धुतलेला, वाळलेला, नुसता. ह्यांना हात लावू देऊ नका."

ज्या मागावर पहिला नमुना निघाला होता त्यावर आता रंगीत चौकड्यांच्या टॉवेलांचे सूत चढले होते. पांढरे सूत उरले होते ते बंद मागावरच. म्हणून गुरुवारी सकाळी मामांनी तो माग पुसला, तेल घातले आणि महिनोन्‌महिने झोपलेले ते धूड जागे करायला घेतले. मी पुन्हा रजा टाकली आणि शेडच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

"अक्का, मला काहीतरी काम सांगा."

अक्कांनी माझे हात पाहिले. रात्रभर घासूनही ते निळेच होते. त्यांनी आतून भाजीच्या दोन कॅरीबॅगा आणल्या, माझ्या दोन्ही हातांवर चढवल्या आणि मनगटाशी सुताने घट्ट गाठी मारल्या. "बसा हितं. हात मांडीवर. कशाला शिवायचं न्हाय. माग लई दिवसानं चालायलाय, धागं तुटणार. ह्यांची नजर पुढं असती, तुमी मागं बघा. तुटला की वरडा."

"काय म्हणू?"

"तेगिंदि म्हणा. तुटला म्हणलं तर त्यांना मागाच्या आवाजात कळत न्हाय, तेगिंदि म्हणलं की झोपेत पण थांबवतात."

माग सुरू झाला. यंत्रमागाच्या शेजारी बसणे म्हणजे कुणी आपल्या डोक्यात खिळे ठोकत असताना विचार करण्याचा प्रयत्न करणे. चार-पाच बोटे कापड निघाले आणि मला एक धागा लोंबताना दिसला.

"तेगिंदि," मी म्हणालो.

माग चालत राहिला.

"मामा, तेगिंदि, वाटतं."

अक्का पलीकडून सुताची कांडी भरता भरता ओरडल्या, "वाटतं काय ओ सर! वरडा की! ग्रंथालय हाय का हे?"

मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. सौम्य बोलणारा माणूस म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी मेहनतीने जपली आहे. त्या लाकडी बाकावर, हातांत कॅरीबॅगा घालून बसलो असताना, मला ती ख्याती जरा जवळून पाहता आली. हळू बोलले की माणसे पुन्हा विचारत नाहीत. पुन्हा विचारले नाही की आपण काय म्हणालो हे नक्की ठरत नाही. आणि ठरले नाही की आपल्याला जबाबदार कुणी धरत नाही. "हं" काय, "अजून ओला आहे" काय, सारे त्याच आवाजात बोललेले. ज्याला मी सद्गुण समजत होतो ती माझी सोय होती. आणि लोंबणारा धागा तोवर कापडात चालला होता; तो आत गेला की हाही टॉवेल सेकंड, आणि शनिवारी टेम्पो.

"तेगिंदि!" मी ओरडलो.

माग जागच्या जागी थांबला. मामांनी दचकून मागे पाहिले. भिंतीपलीकडून पत्नीचा आवाज आला, "अहो! काय झालं? कुणाला लागलं?"

"धागा तुटला!" मी त्याच आवाजात सांगितले.

"अगं बाई," ती बहिणीला म्हणाल्याचे मला ऐकू आले, "हे बोलले."

दुपारपर्यंत तो धागा सोडून आणखी सात वेळा मी ओरडलो, आणि कबूल केले पाहिजे की पाचव्या वेळेपासून मला मजा येऊ लागली. एकदा तर न तुटलेल्या धाग्यासाठीही ओरडलो. त्याबद्दल मामांनी माग थांबवून माझ्याकडे जे पाहिले, ते मी विसरणार नाही. मध्ये पत्नी चहा घेऊन आली. कॅरीबॅगेत कप धरता येईना, तेव्हा तिने बशी माझ्या तोंडाशी धरली आणि अक्कांना म्हणाली, "असेच ठेवा आठवडाभर. कशाला हात लावत नाहीत आणि ऐकू येईल असं बोलतात." संध्याकाळच्या आत टॉवेल विणून, धुऊन, वाळून झाला. वाळायला वीस मिनिटे लागली. मी घड्याळ लावून पाहिले नाही; अक्कांनी भिंतीवरून मला ओरडून सांगितले.

लेबल छापले गेले नाही. कार्ट्रिजमध्ये शाई नव्हती आणि सिरिंजांना हात लावण्याची माझी हिंमत नव्हती. मामांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बॉलपेनने तीन आकडे लिहिले आणि शुक्रवारी सकाळी ते एकटेच बाजारात गेले. साडेअकराला परत आले तेव्हा स्कूटर उभी करण्यापूर्वीच त्यांनी अक्कांना तेलुगूत काहीतरी सांगितले. मला शब्द कळले नाहीत. परंतु त्यानंतर पाचच मिनिटांनी पलीकडून दोन मागांचा आवाज येऊ लागला.

शनिवारी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो आला. मामा आणि अक्का दोघेही शेडमध्ये होते, त्या आवाजात त्यांना हाक ऐकू गेली नाही. मी फाटकाशी उभा होतो. भंगारवाला खाली उतरला, सोबतच्या दोन माणसांनी दोर काढले. "क्या सर, मागवाले मामा हैं क्या अंदर?"

कुणीतरी नीट, पुन्हा विचारावे लागणार नाही असे, सांगणे आवश्यक होते. मी श्वास घेतला. "माग द्यायचा नाही!" मी म्हणालो. "काम मिळालंय! दोन्ही माग चालू आहेत! टेम्पो परत न्या!"

समोरच्या घराच्या दोन खिडक्या उघडल्या. भंगारवाला एक पाऊल मागे सरला आणि दुखावलेल्या स्वरात म्हणाला, "नक्को तो नक्को बोलो ना सर. चिल्लाते कायकू?"

मी त्याची क्षमा मागितली. तीही, पत्नीच्या म्हणण्यानुसार, पाचव्या घरापर्यंत ऐकू गेली.